कंबर एकशेआठ

आमच्या अथालला बर्फ म्हणजे लादी. मासळीच्या पेटीत ठेचून घालायची, लग्नात सरबताच्या पिंपात सोडायची, आणि उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या उलट्या रंध्यावर घासायची. आभाळातून पडतो तो पाऊस. आणि तो जूनपासून असा लागतो की दमणगंगा तांबडी होऊन धावते आणि कारखान्यांच्या पत्र्यांवर दिवसरात्र ताशा वाजतो. अशा गावात बसून मी गेला सबंध पावसाळा बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांचा अभ्यास केला, असं सांगितलं तर वाचक हसतील. शेजारचे गुजराती भाई तर तोंडावरच म्हणाले, "साहेब, ए बरफमां शुं दाट्युं छे?"

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. गुजरातीत हा प्रश्न सहज विचारतात, 'त्यात असं काय पुरून ठेवलंय' एवढाच त्याचा अर्थ. पण त्या दिवसांत 'दाट्युं' हा शब्द कानाला टोचला. बर्फाच्या बाबतीत काही शब्द सहज घेता येत नाहीत, हे मला नुकतंच कळू लागलं होतं.

आमची मुलगी कॅनडात कॅलगरीला नोकरी करते. इंजिनिअरिंगला असताना ती मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेली आणि तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगमध्ये स्कीइंगचा कोर्स करून आली. ज्यांच्या मोहिमांनी सियाचीन देशाच्या नजरेत आणून दिलं, ते कर्नल नरेंद्र कुमार एकेकाळी या संस्थेचे प्रमुख होते. पोरीला तेव्हा लागलेला नाद कॅलगरीत गेल्यावर वाढला, कारण रॉकी पर्वत तिथून दीड-दोन तासांवर. चार हिवाळे ती आखलेल्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर भाड्याच्या स्की घालून उतरली. मग ती रेषेबाहेर जाऊ लागली; जिथे उतार कोणी आखत नाही, बर्फ कोणी दाबत नाही, आणि डोंगर आपल्या मूळ रूपात असतो तिथे.

जूनमधल्या एका रविवारी फोनवर म्हणाली, "बाबा, मला पावडर स्की घ्यायच्यात. कंबर किती घेऊ तेच ठरत नाहीये."

आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कंबर मोजायला टेप नाही का गं तुझ्याकडे? आणि पावडर कुठली, डब्यातली?"

आम्ही तिघंही हसलो. पण हसणं संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की पोरीने हे विचारलं ते सल्ल्यापुरतं नव्हे. स्की आणि बाइंडिंग मिळून हजार-बाराशे कॅनेडियन डॉलर, म्हणजे साठ-सत्तर हजार रुपये. ते तिचे तिच्याकडे होते. दुकानदारही तिकडे पायलीला पन्नास. तरी तिने आईबापांपुढे विषय काढला, तो आमची मान हलायला हवी म्हणून. हिने ते माझ्याआधी ओळखलं होतं. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "चालायला जमीन कमी पडली का तिला?"

मी तीस वर्षं इथल्याच एका प्लास्टिकच्या कारखान्यात काढली. करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने आले आणि जव्हारकडची आमच्यासारखी माणसं त्यांच्या मागून आली. प्लास्टिकचा दाणा, प्रेस, साचा एवढंच माझं विश्व. पण नाही म्हणायचं तरी वस्तू समजून म्हणावं, आणि हो म्हणायचं तर त्याहूनही जास्त समजून, असं मला वाटलं. म्हणून वही काढली.

मुळात पावडर म्हणजे काय? थंड, कोरडं, ताजं पडलेलं हिम. एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलो. तेवढ्याच ताज्या भुसभुशीत हिमाचं पन्नास ते शंभर किलो. म्हणजे बाकी सगळी हवाच. मला याची चव एकदा मिळालेली आहे. २०१८ साली आम्ही दोघं गुलमर्गला गेलो होतो. भाड्याचे गमबूट आणि कुणाकुणाच्या अंगावरून आलेले जाड कोट घालून गोंडोल्यात बसलो. गोंडोल्याचा खालचा टप्पा १९९८चा आणि वरचा २००५चा. वरचा टप्पा अफरवटच्या अंगावर तेरा हजार फुटांपर्यंत नेतो. तिथे तुडवलेल्या वाटेवरून मी एक पाऊल बाजूला टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेलो. आवाज नाही, धक्का नाही. पिठाच्या कणगीत पाय जावा तसं. मला बाहेर काढायला दोन घोडेवाले लागले, आणि ही हसून हसून खाली बसली.

वहीत पहिला हिशेब त्या मांडीभर हिमाचाच केला. बूट, पाठपिशवी धरून मुलीचं वजन पंचाहत्तर किलो धरलं. दोन बुटांचे तळवे मिळून सहाशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशे ग्रॅम भार. सपाट उताराच्या अरुंद स्की, एकशे पासष्ट सेंटिमीटर लांब आणि सरासरी आठ रुंद, घातल्या की तोच भार अठ्ठावीस ग्रॅमवर येतो. एकशे ऐंशी लांब, सरासरी बारा रुंद अशा पावडर स्की घातल्या की सतरा. मग मला आमच्या भागातली चिखलणी आठवली. खाचरात बैलाचा पाय गुडघाभर रुततो, माणसाचा रुततो. पण चिखल सपाट करायला बैलांमागे जी रुंद फळी ओढतात, ती स्वतःवर माणूस उभा घेऊनही वरच्यावर सरकत जाते. हिला हे सांगितलं. ती म्हणाली, "फळी खाचरात असते. खाचराला उतार नसतो." मुद्दा बरोबर होता. तो मी वहीत लिहून ठेवला आणि पुढे गेलो.

स्कीची 'कंबर' म्हणजे बुटाखालची, मधली, सर्वांत अरुंद जागा. पुढचं टोक रुंद, शेपूट रुंद, मध्ये निमुळती; वळताना स्की कडेवर कलली की तो बाक बर्फात चावतो आणि स्की आपसूक वळते. दाबलेल्या उताराच्या स्कीची कंबर पासष्ट ते ऐंशी मिलिमीटर. पावडर स्कीची एकशे पाचच्या पुढे, एकशे वीस-पंचवीसपर्यंतही. इतकी रुंद स्की पूर्वी नव्हतीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या ॲटॉमिक कंपनीत रुपर्ट ह्यूबर या कारागिराने रुंद स्की घडवली, तेव्हा लोक तिला जाड्या म्हणून हसले. पण ज्यांना खोल हिम झेपत नव्हतं असे मध्यमवयीन हौशी लोक ती घालून सुखाने उतरू लागले.

त्यानंतर शेन मॅकॉन्की नावाच्या अवलियाने अलास्कात पाण्यावरच्या स्की पायाला बांधून हिमात उतरून पाहिलं. त्याचं म्हणणं सोपं होतं: खोल हिम हे कठीण बर्फापेक्षा पाण्याच्या जवळचं, मग स्कीचं रूप होडीसारखं का नसावं? त्याच्या आग्रहाने २००२च्या सुमारास व्होलांट कंपनीने उलट्या बाकाची, दोन्ही टोकं वर उचललेली स्की काढली. उचललेल्या टोकाला आज रॉकर म्हणतात आणि बहुतेक प्रत्येक पावडर स्कीला तो असतो. होडीचं नाक वर असतं म्हणून ती लाटेत घुसत नाही. तीच ही युक्ती. पायाखाली मात्र अनेक स्कींना थोडी कमान ठेवतात. कठीण बर्फ आला, तर उभ्या माणसाच्या भाराने कमान दबून कड धरते.

मॅकॉन्कीबद्दल वाचताना पुढचं पानही वाचलं. तो २००९च्या मार्चमध्ये इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात गेला. स्की घालून कड्यावरून झेप घ्यायची, हवेत स्की सोडायच्या आणि मग पॅराशूट, असा तो भयंकर प्रकार. स्की वेळेवर सुटली नाही. मुलगी असलं काही करत नाही, करणारही नाही. तरी ते पान मी हिला वाचून दाखवलं नाही.

जुलैत तिने तीन स्की नक्की करून त्यांची मापं पाठवली. कंबर एकशेबावीस, एकशेआठ आणि अठ्ठ्याण्णव. आता मला माझ्या मुलखात आल्यासारखं वाटलं, कारण स्की कापून पाहिली तर आत आमचाच कारखाना आहे. मध्ये लाकूड: पॉप्लर, बीच, ॲश किंवा हलकं पावलोनिया. त्याच्या वर-खाली काचतंतूचे थर. कडेला पोलादी पट्टी. काहींत टायटॅनल नावाचा पत्रा. नावात टायटॅनियम वाजत असलं तरी तो ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू. हे सगळं इपॉक्सीने चिकटवून गरम प्रेसमध्ये दाबतात. आणि तळाला? पॉलिथिलीन! चांगल्या स्कीला अतिदीर्घ रेणूंचं, जे साध्या दाण्यासारखं वितळून वाहत नाही, म्हणून भुकटी दाबून-तापवून त्याचा ठोकळा करावा लागतो आणि मग त्याचे पापुद्रे काढतात. याच जातीच्या पट्ट्या आम्ही यंत्रांत घर्षणाच्या जागी बसवत होतो. सिल्वासाच्या उकाड्यात मी जी वस्तू हाताळली, तिच्यावरून माझी पोर हिमालयाएवढ्या उतारावर घसरते, हे कळल्यावर त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

"बाबा, एकशेबावीस घेते. तरंगते मस्त," ती म्हणाली.

मी विचारलं, "गेल्या हिवाळ्यात किती दिवस गेलीस?"

"बावीस."

"त्यात गुडघाभर भुसभुशीत किती दिवस मिळालं?"

तिने डायरी पाहिली. "पाच."

मग आम्ही उरलेल्या सतरा दिवसांचा विचार केला. मोठ्या डोंगरावर एका उतरणीत हिमाच्या चार तऱ्हा भेटतात. माथ्यावर वाऱ्याने घासून काढलेलं कडक कवच, मध्ये सावलीत भुसभुशीत, खाली आधीच्या लोकांनी उलटंपालटं केलेले ढेकूळ, आणि शेवटी परतीच्या वाटेवर दाबलेला गुळगुळीत बर्फ. एकशेबावीसची कड बुटापासून इतकी बाहेर असते, की कठीण जागी ती टेकवताना सगळी पिळवट गुडघ्यावर येते, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो. अठ्ठ्याण्णव कठीण जागी शहाणी, पण त्या पाच दिवसांत बुडते. एकशेआठ दोन्हीकडे थोडं थोडं सोडते आणि पुष्कळ राखते. ज्याच्या घरी कपाटभर स्की असतील त्याने एकशेबावीस जरूर घ्यावी. एकच जोडी घेणाऱ्याने आपल्या बावीस दिवसांकडे पाहावं.

लांबीचा प्रश्नही तसाच. ती एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर उंच. दुकानात एकशे अडुसष्ट आणि एकशे शहात्तर होत्या. रॉकरमुळे टोकं वर उचललेली असतात, म्हणून बर्फाला टेकणारी कड मापापेक्षा आखूडच असते; वेगात आणि ढेकळांत लांब स्की डगमगत नाही. मात्र दाट झाडीत ती वळवायला जड. तिला मोकळे उतार आवडतात, म्हणून शहात्तर. वजनाचं विचारलं, तर म्हणाली, "अर्धे दिवस लिफ्टने, अर्धे दिवस पायी." पायी म्हणजे स्कीच्या तळाला लव असलेली पट्टी चिकटवून चढायचं, लव पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. चढायला हलकी स्की बरी, पण तुटक्या बर्फात वेगाने उतरताना हलकी स्की थरथरते आणि जड स्की तो मार पचवते. म्हणून फार हलकीही नको. बाइंडिंग किती जोराला सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि चालवण्याची तऱ्हा यांवरून दुकानातला जाणकार काढतो. तो तिने मनाने वाढवायचा नाही, असं मी दोनदा सांगितलं. आणि तिने मला एक गंमत सांगितली: पडल्यावर स्की सुटून भुसभुशीत हिमात बुडाली तर तासन्‌तास सापडत नाही, म्हणून तिला लांब रंगीत फीत बांधतात.

"आणि माणूस बुडालं तर?" हिने मागून विचारलं.

फोनवर कोणीच बोललं नाही.

माझ्या वहीत त्याचंही पान होतं. मी ते काढत नव्हतो एवढंच. २०१०च्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळ लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमकडा कोसळून सतरा जवान गेले. २०२३च्या फेब्रुवारीत अफरवटवर पोलंडचे दोन स्कीबाज गेले. पुढच्याच वर्षी त्याच डोंगरावर एक रशियन. कॅनडात २००३च्या फेब्रुवारीत रॉजर्स पासजवळ कॅलगरीकडच्या एका शाळेची सात मुलं एका हिमलोटात गेली. हे सगळे अडाणी नव्हते. बहुतेक हिमलोट तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. आणि भुसभुशीत हिमात स्कीला गोड लागणारे उतारही नेमके तेच. हिने जूनमध्ये म्हटलेलं 'खाचराला उतार नसतो' ते हेच होतं.

तेव्हा मला या खरेदीतली खरी गोष्ट कळली. अरुंद स्कीवर खोल हिमात झगडावं लागतं. दमलेला माणूस फार लांब जात नाही. त्याच्या आणि धोक्याच्या मध्ये त्याचा दमच उभा असतो. रुंद स्की तो दम वाचवते. काल जो उतार आपल्यासाठी नव्हता, तो आज सोपा वाटू लागतो. पण उतार तोच असतो. म्हणजे फळी निवडताना आपण उतारही निवडत असतो. कंबर एकशेआठ की एकशेबावीस हे दुकानदार सांगेल. नवी फळी जिथवर नेईल तिथवरचं शहाणपण आपल्याकडे आहे का, ते दुकानात मिळत नाही.

मी हे मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "बाबा, म्हणूनच तर विचारत होते."

मग आई-मुलीचं बोलणं झालं, आणि मी बाजूला बसून ऐकलं. हिचे प्रश्न माझ्यापेक्षा सरळ होते. एकटी जाणार का? नाही, तिघी-चौघं. प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधलेलं असतं, ते सतत ४५७ किलोहर्ट्‌झवर हाक देतं. जगात सगळीकडे तीच लहर. कोणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापली यंत्रं ऐकण्यावर टाकून शोधतात, लांब काठीने टोचून जागा पक्की करतात आणि फावड्याने उकरतात. दहा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. म्हणून बाहेरून मदत येईपर्यंत थांबायचं नसतं, सोबत्यांनीच हात चालवायचे. ॲव्हलांच कॅनडा ही संस्था हिवाळ्यात डोंगरांचा इशारा देते, धोक्याच्या पाच पायऱ्या सांगते.

"तुझ्याकडे यंत्र आहे?"

"मैत्रिणीचं जुनं आहे."

"तिला परत दे. नवं घे. आणि शिकून घे."

पोरीने हिशेब पुन्हा मांडला. एकशेबावीसचा नाद सुटला. एकशेआठची गेल्या मोसमातली, दुकानात पडून राहिलेली जोडी तिला बऱ्याच सवलतीत मिळाली. रंग तेवढा जुना, लाकूड-पोलाद तेच. वाचलेल्या पैशांत यंत्र, काठी आणि फावडं आलं. हिमलोटाच्या दोन दिवसांच्या प्राथमिक कोर्सचे पैसे आम्ही पाठवायचं ठरवलं. ती नको म्हणत होती. हिने ऐकलं नाही. "स्कीचे पैसे तुझे," ती म्हणाली, "परत येण्याचे आमचे."

हो की नाही असा निकाल आमच्या घरात कधी लागलाच नाही. मान हलली ती अशी.

मी अजून दर रविवारी विचारतो, आणि आता मला विचारता येतं. उतार कोणत्या अंगाचा? वारा कुठून होता? रात्री किती पडलं? कोणी 'आज नको' म्हणालं का, आणि म्हणालं तर बाकीच्यांनी ऐकलं का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारखान्यातही प्रेसवरचा सर्वांत नवखा पोरगा 'साहेब, आवाज वेगळा येतोय' म्हणाला की मी यंत्र बंद करायचो. दहातल्या नऊ वेळा काहीच नसायचं.

यंदा खंडेनवमीला आमच्या भागातले कारखाने नेहमीसारखे सजले. यंत्रांना झेंडूच्या माळा, पेढे, उदबत्त्या. संध्याकाळी मुलीचा फोटो आला. तिच्या छोट्या घराच्या भिंतीला दोन्ही स्की उभ्या, टोकं वर उचललेली, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं. झेंडू मिळाला नसावा; कुठलीशी पिवळी फुलं होती. मी कंबर निरखत होतो. तिने तिथे एक जादा टिकली लावली होती.

हिने फोन माझ्या हातून घेतला, चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि तिकडे विचारलं, "अगं, फावड्याला कुंकू लावलंस का?"